टेबलावरचे नऊजण

सुमार बेसबॉल खेळाडूंवर आमच्या डेल्फ्टच्या घरमालक काकांनी जेवढं प्रेम केलं, तेवढं त्या खेळाडूंच्या आयांनीही केलं नसेल. नावाजलेला खेळाडू काकांना चालायचाच नाही. "त्याला काय, त्याला सांभाळायला अख्खी अमेरिका बसलीय," असं म्हणून ते त्याचं कार्ड दोन बोटांनी बाजूला सारायचे, पोट भरलेल्या माणसाने पंगतीत वाढप्याचा हात सारावा तसं. त्यांना हवा असायचा तो असा गडी, ज्याने सगळ्या कारकिर्दीत पाच-सहा सामने खेळले, त्यातले चार बाकावर बसून, आणि ज्याचा फोटो काढताना फोटोग्राफरलाही घरी जायची घाई झाली होती. आपल्याकडे च्युइंगमच्या पाकिटात क्रिकेटवाल्यांची चित्रं यायची ना, तशी अमेरिकेत फार पूर्वीपासून बेसबॉलवाल्यांची यायची. पत्त्याहून जरा मोठा पुठ्ठा, पुढे खेळाडूचा रंगीत फोटो, मागे त्याच्या धावांचे आकडे. ती कार्डं जमवणारे लोक जगभर आहेत. पण सांगलीच्या छापखान्यात हळदीच्या पुड्यांची लेबलं छापून सुरुवात केलेला, पन्नास वर्षांपूर्वी नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या एका प्रेसमध्ये नोकरीला आलेला आणि बेसबॉलचा एकही सामना शेवटपर्यंत न पाहिलेला संग्राहक मी तरी एकच पाहिला. एकदा मित्रांनी त्यांना ओढून सामन्याला नेलं होतं म्हणे. काका सगळा वेळ तिकिटाची छपाई बघत बसले, आणि कोण जिंकलं असं घरी विचारल्यावर म्हणाले, "निळा जास्त झाला होता."

त्यांचं सगळं वेड असल्या रंगांच्या चुकांपासूनच सुरू झालं. हार्लेममध्ये बेसबॉलला, म्हणजे तिथल्या होंकबालला, मोठा मान. प्रेसमधल्या एका सहकाऱ्याने माळा आवरताना सापडलेला बुटांचा खोका काकांना दाखवला. काकांनी भिंग लावून पहिलं कार्ड बघितलं आणि सांगलीच्या मराठीत ओरडले, "हे कुठल्या गाढवानं छापलं?" लाल रंग दोन केस डावीकडे सरकला होता, त्यामुळे त्या बिचाऱ्या खेळाडूला दोन-दोन ओठ आले होते. दुसऱ्या दिवशी तोच खोका ते घरी घेऊन गेले. छापणाऱ्याच्या चुका ज्यात स्वच्छ दिसतात अशी कार्डं ते मग शोधायला लागले, आणि अशा चुका बहुतेक फालतू खेळाडूंच्या वाट्याला येतात असं त्यांच्या लक्षात आलं. "बड्या माणसाची प्लेट चारदा तपासतात गं. गरिबाची कोण तपासतंय?"

मी त्यांच्या घरात कशी आले, तेही याच वाटेने. मी बार्शीची. आबा बाजार समितीत मापाडी, आई शिवणकाम करते, आणि आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. डेल्फ्टला एमएस करायला आले, तेव्हा खोली मिळेना. कुणीतरी या काकांचा नंबर दिला. त्यांनी ना पगारपत्रक मागितलं ना ओळख. समोर एक कार्ड ठेवलं आणि म्हणाले, "सांग, ह्याचं काय चुकलंय?" मी बघितलं. एक लांब कानांचा माणूस, उन्हात डोळे बारीक केलेले. म्हटलं, "याची टोपी खोटी आहे. कुणीतरी वरून रंगवलीय." काका खुर्चीतून उठलेच. हा खेळाडू म्हणे एका संघातून दुसऱ्यात गेला, फोटो जुना, नवा काढायला कुणाला वेळ नाही, म्हणून प्रेसमधल्या कुणीतरी कुंचल्याने त्याच्या डोक्यावर नव्या संघाची टोपी चढवली, आणि ती अशी चढवली की एक कान टोपीच्या वर आला. "वरची खोली तुझी," काका म्हणाले. मी आईला फोन केला. आई म्हणाली, "घरात बाईमाणूस आहे का?" म्हटलं, "काकू गेल्या, मुलगी टिलबर्गला असते. पण म्हातारा माझ्याकडे बघतच नाही गं, पुठ्ठ्याकडे बघतो." तेवढ्यावर आईचं समाधान झालं.

भिंग त्यांच्या गळ्यात चोवीस तास. पायजम्याच्या जुन्या नाडीत ओवलेलं. सुपरमार्केटचं पत्रक, तांदळाची पिशवी, खेमेन्तेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, आलेली नोटीस, सगळं आधी भिंगाखालून जायचं आणि मग वाचायचं. कोरोना आला आणि दीड मीटर अंतर ठेवा असे फलक गावभर लागले, तेव्हा काकांनी कालव्याकाठच्या एका फलकाला नाक लावून पाहिलं. मागे रांग लागली. एक बाई डचमध्ये काहीतरी रागाने बोलली. काका शांतपणे वळून मला म्हणाले, "पिवळा कोरडा पडलाय. घाईत छापलंय." लोक मरणाला भीत होते, आणि यांना पिवळ्याची काळजी.

कार्डांचं सोवळं हा तर वेगळाच विषय. कार्डाला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवायचे, कोपरापर्यंत, मग पंधरा मिनिटं ते हवेत धरून वाळवायचे, टॉवेलचा धागा लागता कामा नये. त्या पंधरा मिनिटांत फोन आला तर मी उचलायचा आणि त्यांच्या कानाला धरायचा. चाळीस वर्षं त्यांच्या या प्रकाराला घरीदारी लोक हसले होते. मग पंतप्रधान टीव्हीवर येऊन वीस सेकंद हात धुवा म्हणून सांगायला लागले. काका खुर्चीत मागे रेलले. "वीस सेकंद! नवशिके आहेत." त्यांच्या घरात तळण बंद होतं. लॉकडाऊनमध्ये एकदा मला राहवलं नाही आणि मी कांदाभजी काढली. पहिला घाणा तेलात पडला तसे काका अल्बम उचलून जिन्यावरून पळायला लागले. डेल्फ्टच्या जुन्या घरांचे जिने तुम्ही पाहिले नसतील तर सांगते, शिडीच म्हणायची. सत्याहत्तर वर्षांचा माणूस, काखेत चार अल्बम, वरून खाली, खालून वर. बाथरूममध्ये दमट, बाल्कनीत ऊन, शेवटी सगळे अल्बम स्वतःच्या पलंगावर ठेवून त्यांना दुलई पांघरली आणि दाराशी खुर्ची टाकून राखण करत बसले. भजी मात्र तिथेच मागवली. "आता एवढं केलंयस तर आण की. पण बशी दारातनंच दे."

आणि त्यांचा कान! छापखान्यात जन्म गेलेला माणूस कागद बघत नाही, ऐकतो. कार्ड कडेला धरून ते कानाशी न्यायचे आणि नखाने हलकेच टिचकी मारायचे. अमुक सालापर्यंतचा पुठ्ठा 'टप्प' बोलतो, नंतरचा 'टिक'. कुणी कडा कापून कार्ड नीटनेटकं केलं असेल तर त्यांना डोळे मिटून कळायचं. मी एकदा परीक्षा घ्यायची म्हणून त्यांच्या कानाशी माझं विद्यापीठाचं ओळखपत्र नेऊन टिचकी मारली. "हे काय, प्लॅस्टिक? मेलेलं आहे," म्हणाले. या कानावर त्यांची सगळी प्रतिष्ठा उभी होती. हार्लेमच्या बाजूचे चार म्हातारे त्यांचे दोस्त, सगळे डच, सगळे त्याच वेडाचे, दोस्ती चाळीस वर्षांची. कुणाला एखादं कार्ड संशयास्पद वाटलं की ते लिफाफ्यात घालून डेल्फ्टला यायचं. काका टिचकी मारायचे, निकाल लिहायचे, परत पाठवायचे. त्यांच्या निकालावर अपील नसे. कोरोनात टपालालाही विलगीकरण लागलं. चपलांच्या स्टँडवर लिफाफे रांगेने आणि प्रत्येकावर चिठ्ठी: 'दाखल मंगळवार, सुटका शुक्रवार.' भेटीगाठी बंद झाल्या म्हणून ते पाच जण दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर जमायला लागले. कॉल लावून देणं माझ्याकडे. पहिले दोन महिने आम्हाला एका आजोबांचं फक्त कपाळ दिसायचं आणि एकाचा पंखा. तरी दोन-दोन तास चालायचं. मी बाजूला बसून थीसिस लिहायची.

या सगळ्या अल्बमांच्या बाहेर काकांचे नऊजण होते. बेसबॉलला नऊ खेळाडू लागतात. काकांनी आयुष्यभरात वेचून एक संघ उभा केला होता, नऊच्या नऊ कार्डांत काही ना काही बिघाड. दोन ओठांचा. आरशातल्यासारखा उलटा छापलेला. दुसऱ्याचाच फोटो आलेला. आणि कप्तान आपला टोपी रंगवलेला. काका त्यांना नावाने हाकच मारायचे नाहीत. "आज टोपीवाला जरा वाकलाय, हवा दमट आहे," असं घरच्या माणसाच्या गुडघ्याबद्दल बोलावं तसं बोलायचे. रोज सकाळी चहाच्या आधी नऊजणांना एकेक टिचकी. मी वरून ऐकायची, टप्प, टप्प, टिक, आणि उठायची.

त्या वर्षी पानगळ सुरू झाली तसा काकांना ताप आला. दोन दिवस त्यांनी अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी धाप लागली. हाउसआर्ट्सनी, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरांनी, फोनवरच त्यांचा श्वास ऐकला आणि गाडी पाठवली. ते गॉगल घातलेले, पांढऱ्या पोशाखातले दोघे काकांना त्या जिन्यावरून खुर्चीत बांधून उतरवत होते, आणि काकांच्या नाकातोंडावर मास्क होता. तो त्यांनी एका हाताने उचलला. मला वाटलं मुलीसाठी काही निरोप असेल. म्हणाले, "टेबलावरचे नऊजण सांभाळ."

मी सांभाळले.

मला सोबत कुणी नव्हतं. मीही घरात कोंडलेली, चौदा दिवस. आजारी पडले नाही, पण झोपही नाही. रोज संध्याकाळी काकांची मुलगी फोन करायची, तिला मराठी कळतं पण ती इंग्रजीत बोलते. "नो चेंज," एवढंच सांगायची. मी टेबलाशी बसायची. नऊ कार्डं उघडी पडलेली. माझा कॉफीचा मग तिथेच. एकदा हात लागून मग हिंदकळला, थेंब टोपीवाल्यापासून बोटभर अंतरावर पडला. हे कार्ड भिजलं आणि तिकडे काकांचं काही झालं तर? माझ्या डोक्यात ते एकच झालं होतं. आता हसू नका, पण आमच्या घरी किमती कागद सांभाळायची एकच रीत आहे. माझा दहावीचा निकाल लागला, तेव्हा आबा मार्कशीट हातात घेऊन तडक तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि लॅमिनेट करून आणली. बारावीची केली. डिग्रीची केली. पाहुणे आले की आबा ती काढतात, पाहुण्यांच्या हातात देतात, आणि म्हणतात, "बघा की, भिजत नाही." त्यांच्या लेखी शिक्षण म्हणजे जे भिजत नाही ते. मी इंजिनीअर. मला कुणाला विचारायची गरज वाटली नाही. ऑनलाइन मशीन मागवलं, दुसऱ्या दिवशी दारात हजर. सगळं सोवळं पाळलं हो मी. कोपरापर्यंत हात धुतले, पंधरा मिनिटं वाळवले. मग एकेक कार्ड गरम रोलरमधून काढलं. सहाव्याला बारीक बुडबुडा आला, तेवढा सोडला तर काम सुबक झालं. कडा कात्रीने गोल कापल्या. आबांना फोटो पाठवला. आबांचा लगेच फोन. "शाब्बास! माणसाचं सोनं राखलंस."

काका अठरा दिवसांनी घरी आले. निम्मे झाले होते. जिना चढायला अर्धा तास लागला. मी टेबलावर नऊजण ओळीने मांडले होते, शेजारी शेवंतीची फुलं. काका बसले. श्वास जमेपर्यंत थांबले. मग टोपीवाल्याला उचलला, कानाशी नेला, टिचकी मारली. खाली ठेवला. दुसरा उचलला. टिचकी. तिसरा. नवव्यापर्यंत ते थांबले नाहीत. मी शेजारी उभी, शाबासकीची वाट बघत. नववा ओळीत ठेवून ते म्हणाले, "चांगलं केलंस गं पोरी. आता चहा सांडला तरी भ्यायला नको." आणि खरंच चहा मागितला. मी उड्या मारत ठेवला.

पुढचा रविवार. चारही म्हातारे पडद्यावर आधीच येऊन बसलेले, एकाने तर कोट घातला होता. काका परत आले म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी, कुणी सांगितलं नसताना, टोपीवाला उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. जरा वळवलासुद्धा, चकाकी दिसावी म्हणून. टाळ्या थांबल्या. कोट घातलेल्या आजोबांनी चष्मा काढला. एक जण हळूच काहीतरी पुटपुटले. मग कोटवाल्यांनी डचमध्ये विचारलं, "हे कुणी केलं?"

काका माझ्याकडे न बघता डचमध्ये म्हणाले, "मी. माझीच कल्पना. दवाखान्यातून आल्यावर भीती वाटते हो, सगळं पुसून घ्यावंसं वाटतं. हिच्याकडून करवून घेतलं, हिला काय माहीत."

काकांना वाटत होतं मला डच येत नाही. पण मी सहा महिने ऑनलाइन क्लास करत होते, त्यांना चकित करायचं म्हणून सांगितलं नव्हतं. शब्दन् शब्द कळला. कॉल संपल्यावर मी विचारलं, "काका, काय म्हणत होते ते?"

"म्हणाले, काम सुबक झालंय."

"हो?"

"होय की. विचारत होते, मशीन कुठलं."

मी "अच्छा" म्हणाले आणि माझ्या खोलीत गेले. तिथे बसून वाचलं. कार्ड जमवणाऱ्यांच्या जगात लॅमिनेशन म्हणजे काय, ते पाच मिनिटांत समजतं. ते परत निघत नाही. काढायला गेलं तर रंग सोलून येतो. वाचल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं, ते खरं सांगायचं तर लाज नव्हती. सुटल्यासारखं वाटलं. काकांनी अंगावर घेतलंय, मला कळलेलं त्यांना माहीत नाही, मग मला काही करायला नको. आमच्या घराण्यातल्या पहिल्या पदवीधर मुलीला अडाणीपणा केला म्हणून चार गोऱ्या म्हाताऱ्यांसमोर उभं राहावं लागणार नाही. लाज त्यानंतर आली, आणि आली ती राहायलाच.

कारण लिफाफे बंद झाले. आधी मला वाटलं, टपालाला उशीर. मग तीन आठवडे झाले. ज्या माणसाने स्वतःची कार्डं तापवून प्लॅस्टिकमध्ये कोंबली, त्याच्याकडे कोण आपलं कार्ड पाठवेल? त्याच्या कानावर कोण भरवसा ठेवेल? रविवारी कॉल व्हायचा, पण आता ते चौघं काकांशी फार गोड बोलायचे, जेवता का, चालता का, झोप लागते का. कार्डाबद्दल एकमेकांना विचारायचे. "आता आपलं वय झालं," असं एकाने म्हटलं आणि ते काकांना उद्देशून होतं. काका हसले. पोस्टाची सायकल गल्लीत आली की ते खिडकीशी जाऊन उभे राहायचे, आणि ती पुढे गेली की पडद्याचा धागा भिंगातून बघितल्यासारखं करायचे. मला म्हणायचे, "लोक सध्या टपालाला भितात गं." सकाळची टिचकी त्यांनी थांबवली नव्हती. पण आता नऊही वेळा एकच आवाज यायचा, आणि मी उशी डोक्यावर घेऊन पडायची. दहादा ठरवलं, आज सांगू. ते म्हणायचे, "इंजिनीअरीणबाई, थीसिस कुठवर आला?" आणि मी थीसिसचं सांगायची.

डिग्री मिळाली. आम्स्टरडॅम स्लोटरडाइकला नोकरी लागली. काकांना तो जिना झेपेना म्हणून मुलीने त्यांना टिलबर्गला नेलं. सामान मीच बांधलं. नऊजण त्यांनी स्वतः रुमालात गुंडाळून खिशात ठेवले. तेव्हाही मी गप्प. दर महिन्याला भेटायला जायची, फळं घेऊन. फळं नेणं सोपं असतं.

वसंत आला, मास्क उतरले, आणि एका रविवारी सकाळी मी कॉलच्या वेळेआधी टिलबर्गला पोचले. काका बाल्कनीत. मी खाली मान घालून एका दमात सांगितलं, की काका, तुम्ही त्या दिवशी डचमध्ये काय बोललात ते मला कळलं होतं, तेव्हाच कळलं होतं, आणि मी आज त्यांना खरं सांगणार आहे.

काका माझ्यावर कधी ओरडले नव्हते. नऊ कार्डं गेली तेव्हा नाही. आत्ता ओरडले. "काही गरज नाही! दीड वर्ष! दीड वर्ष मी त्या चौघांपुढे म्हातारचळ लागलेला माणूस म्हणून मिरवतोय, नातवाशी बोलावं तसं बोलतात माझ्याशी, ते सगळं तू एका सकाळी वाया घालवणार? मग मी ते केलं कशाला?"

"मी कुठे तुम्हाला करायला सांगितलं होतं?"

"तू काय सांगणार? तू तर फोटो दाखवत होतीस बार्शीला!"

त्यांची मुलगी दारात येऊन उभी राहिली. "Papa, neighbours," म्हणाली. काका तिच्याकडे वळले. "ऐक, ही हिची अक्कल. कबुली द्यायचीय म्हणे. मला विचारलं का? कार्डं करताना विचारलं नाही, आता हे करताना पण नाही." आणि तोंड फिरवून बसले. हे मात्र खरं होतं. मी म्हटलं, "बरं. आता विचारते. सांगू का?" आतमध्ये कॉल वाजायला लागला. चार-पाच वेळा वाजला. काका रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुझं डच कसलं आहे कुणास ठाऊक. हळू बोल. अर्थ लागला पाहिजे."

मी हळू बोलले. खुर्ची ओढून काकांच्या शेजारी बसले आणि सांगितलं, की ते मी केलं, माझ्या मनाने केलं, यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं, मला ते कळलं आणि मी गप्प बसले. पडद्यावरचे चार चौकोन स्तब्ध. मला वाटलं नेट गेलं. मग कोटवाले आजोबा उठून निघून गेले. आपण गेलो कामातून, मी मनात म्हटलं. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक कार्ड होतं. चारही कडा वाकड्यातिकड्या कापलेल्या. नऊ वर्षांचा असताना आईच्या कात्रीने सगळी कार्डं सारखी करायला गेलो, म्हणाले. आजवर कुणाला दाखवलं नाही. दुसरे म्हणाले, थांबा, आणि टेबलाखाली वाकले. त्यांनी एक कार्ड कणकेच्या खळीने वहीत चिकटवलेलं, मग वाफेवर धरून काढलं होतं, अर्धा चेहरा वहीतच राहिला. तिसऱ्यांचं सायकलच्या चाकात चिमट्याने लावलेलं, फरफर आवाज यावा म्हणून. त्याच्या चिंध्या होत्या आणि त्या त्यांनी औषधाच्या डबीत ठेवल्या होत्या. चौथे म्हणाले, माझं मी खाल्लं. लहानपणी. गमचा वास यायचा हो. सगळे हसायला लागले, खोकायला लागले, सगळे एकाच वेळी बोलायला लागले. त्या गोंधळात कोटवाले काकांना म्हणाले, "एक संशयास्पद आहे माझ्याकडे. उद्या टाकतो टपालात."

कॉल संपल्यावरही काका काळ्या पडद्याकडे बघत बसले. मग मराठीत म्हणाले, "चाळीस वर्षं. चाळीस वर्षांत या लबाडांनी मला सांगितलं नाही." ते रागावले होते की खूश होते, मला समजलं नाही. मुलीने कॉफी आणली, ती त्यांनी थंड होऊ दिली.

मी संध्याकाळच्या गाडीने परत निघाले. डब्यात गर्दी नव्हती. सगळ्यांनी मला मोठ्या मनाने माफ केलं, असं म्हणून खिडकीतून शेतं बघत जायला काही हरकत नव्हती. पण हिशेब जुळेना. कात्रीवाल्याने, खळीवाल्याने, चाकवाल्याने, खाणाऱ्याने, सगळ्यांनी आपापलं खराब केलं होतं, नकळत्या वयात. मी दुसऱ्याचं केलं, शिकून-सवरून. आणि त्यांनी लपवलं तेव्हा त्यांच्याऐवजी कुणी टपालाची वाट बघत खिडकीशी उभं राहत नव्हतं. हा फरक त्या पाच म्हाताऱ्यांना दिसला नसेल, असं मला वाटत नाही. टिचकीवरून कागदाचं साल ओळखणारी माणसं ती. पण त्यांच्यातल्या एकानेही तो कधी बोलून दाखवला नाही, काकांनी तर नाहीच. म्हणून मलाच तो इथे लिहावा लागतो आहे.